मावशीचा कॅमेरा

“कुठल्या बोटानं काढलास फोटो?” राजानं विचारलं.

सून भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या पायाशी तिच्या मोबाइलचे तुकडे पडले होते. राजानं तो आधी फरशीवर आपटला होता आणि मग त्यावर गॅरेजचा बूट ठेवून टाच फिरवली होती. त्या मोबाइलमध्ये तिच्या पाठीचा एक फोटो होता, पट्ट्याचे वळ उठलेल्या पाठीचा. तो तिनं बहिणीला पाठवला होता आणि पुसून टाकायला विसरली होती.

“मी काहीतरी विचारतोय. कुठल्या बोटानं?”

आवाज चढलेला नव्हता. राजाचा आवाज कधीच चढत नसे. शेजारच्या बायका म्हणत, मावशी, नशीब काढलंत तुम्ही, किती शांत मुलगा आहे. राजा हे त्याचं लाडाचं नाव, आईनं ठेवलेलं. पुढे गॅरेजमध्येही तेच चालू झालं. ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचं त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मावशी मोरीत भांडी विसळत होती. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

“राजा, सोड तिला. फुटला ना मोबाइल? झालं ना तुझ्या मनासारखं?”

“तू आत जा, आई.”

त्यानं सुनेचा उजवा हात हातात घेतला, एकेक बोट चाचपून पाहिलं आणि अंगठ्याशेजारचं निवडलं. मावशी धावत जाऊन त्याच्या दंडाला लोंबकळली. त्यानं वळूनही पाहिलं नाही, नुसता कोपर मागे घेतला. मावशी कपाटाच्या कडेवर जाऊन आदळली आणि दंड धरून खाली बसली. ती उठेपर्यंत बोटाचा आवाज आला होता. फार मोठा नव्हता तो आवाज. सून ओरडलीही नाही. तिनं फक्त श्वास आत ओढला आणि तो बराच वेळ बाहेर सोडला नाही.

राजानं हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाला, “आई, ताट वाढ.”

आणि मावशीनं ताट वाढलं.

*

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या तळघरात कपडे धुण्याचं खातं होतं. मावशीची सगळी उमर तिथंच गेली. वॉर्डावॉर्डांतून गाठोडी यायची, ती सोडायची, रक्ताचे, पुवाचे, औषधांचे डाग वेगवेगळे काढायचे, चादरी मशीनमध्ये घालायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या घालून परत वर पाठवायच्या. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं लागे.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ती त्याच दवाखान्यात गेली, रांग चुकवून, ओळखीनं. डॉक्टर तरुण होता. त्यानं बोट पाहिलं आणि विचारलं, “कसं झालं हे?”

“दारात सापडलं,” सून म्हणाली.

डॉक्टरानं मावशीकडे पाहिलं. मावशीनं मान हलवली. “हो ना. वाऱ्यानं दार आपटलं.”

डॉक्टरानं तसं लिहिलं. बोटाला पट्टी बांधून झाली, दोघी बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. दारात सापडल्याचं ते वाक्य मावशीचंच होतं. राजाचा बाप जिवंत होता तोवर तिनं ते किती डॉक्टरांना ऐकवलं असेल. कधी दार, कधी जिना, कधी ओली फरशी. बापाचा हात सुटला की राजा खाटेखाली जाऊन बसे आणि सगळं संपल्यावर बाहेर येऊन आईच्या पदराला नाक पुसे. मावशीला वाटायचं, हा असा होणार नाही. ह्यानं सगळं पाहिलंय, हा कसा असा होईल?

सुनेला घरी जायच्या बसमध्ये बसवून ती परत आली. पण तळघरात उतरली नाही. एक्स-रेच्या खोलीशेजारी एक लहानशी खोली होती. बाहेर पाटी होती, ‘मोफत कायदेशीर सल्ला, दर मंगळवारी’. आत एक वकीलबाई गार झालेला चहा पीत बसली होती.

मावशीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. वकीलबाई ऐकत गेली.

“तक्रार द्यायची तर सुनेला घेऊन यावं लागेल, मावशी.”

“ती यायची नाही. एकदा गेली होती चौकीवर. त्यांनी ह्याला बोलावून घेतलं. ह्यानं हात जोडले, सगळ्यांना चहा पाजला. साहेब म्हणाले, घरातलं घरात मिटवा. घरी आणल्यावर त्यानं तिला लाथा घातल्या. तेव्हा तिला दिवस गेलेले होते.”

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. “मग?”

“मग राहिलं नाही.”

वकीलबाई चहाचा कप बाजूला सारत म्हणाली, “अडचण अशी आहे की तुमच्याकडे पुरावा जवळजवळ काहीच नाही. डॉक्टरांच्या कागदांवर दार, जिना, असलंच लिहिलेलं असणार. तुम्हीच लिहायला लावलेलं.”

“पुरावा म्हणजे काय लागतो?”

“फोटो. बहिणीकडे गेला तसा एक नाही, लागोपाठचे. दर वेळचे. त्यावर तारीख हवी. आधी चेहरा आणि जखम एका फोटोत, मग नुसती जखम जवळून. रंग ओळखू यायला हवा. आणि घरातल्या कुणाची साक्ष मिळाली तर फारच बरं.” ती थांबली. “तुम्ही मुलाविरुद्ध उभ्या राहाल?”

“ते आत्ता नका विचारू,” मावशी म्हणाली. “फोटोचं सांगा. मोबाइलवर नाही जमायचं. तो सगळ्यांचे मोबाइल उघडून बघतो. माझ्याकडे हा बटणांचा आहे, तो पण बघतो.”

“मग साधा डिजिटल कॅमेरा घ्या. जुना मिळतो स्वस्तात.”

*

जुन्या वस्तूंची गल्ली दवाखान्याच्या मागे दोन चौक सोडून होती. पंखे, मिक्सर, घड्याळं, टीव्हीचे रिमोट, सगळं एकावर एक रचलेलं. सुट्टीच्या दिवशी बाजाराची पिशवी घेऊन मावशी तिथं गेली. सोन्याचं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. जादा पाळीचे म्हणून जे काही पैसे साठवले होते ते तिनं रुमालात बांधून पोलक्यात खोचले होते.

पहिल्या दुकानदारानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “आजी, हे खेळणं नाही.” ती पुढच्या दुकानात गेली.

तिथला माणूस कपाळावर चष्मा चढवून एका कॅमेऱ्याचं पोट उघडून बसला होता. समोरच्या काचेच्या पेटीत पाचसहा कॅमेरे मांडलेले होते.

“या, मावशी. काय दाखवू?” इथंही मावशीच. तिला जरा बरं वाटलं.

“कॅमेरा हवाय. लहान. स्वस्त.”

“कशाचे फोटो काढायचेत?”

हे उत्तर तिनं येता येता ठरवून ठेवलं होतं. “नातवाचे.”

“वा! केवढा आहे?”

“दोन वर्षांचा,” मावशी म्हणाली. झाला असता तर तेवढाच असता.

“म्हणजे एका जागी ठरत नसेल.” चष्मेवाल्यानं गुलाबी रंगाचा एक कॅमेरा काढला. “हा घ्या. एका साहेबांच्या मिसेसचा. वर्षातून दोनदा वापरलेला, बाकी कपाटात. ह्याच्यात एक गंमत आहे. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या सगळं आपोआप पुसून टाकतो. माणूस एकदम तुकतुकीत. लोक खूश होतात बघा.”

“डाग पुसणारा नको,” मावशी म्हणाली.

तो हसला. “तुम्ही पहिल्याच हं, नको म्हणणाऱ्या. बरं, हा बघा. लांबचं जवळ आणतो. समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याचा डोळासुद्धा दिसेल.”

“लांबचं काय करायचंय? जवळचं दाखवा. वीतभर अंतरावरचं. आणि उजेड कमी असला तर? आवाज होतो का ह्याचा? नुसत्या बल्बखाली रंग खरा येतो का?”

चष्मेवाल्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

“वीतभरावरून नातवाचं काय टिपायचंय, मावशी?”

मावशीनं मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली, डावी बाही वर सरकवली आणि दंड त्याच्यासमोर काचेच्या पेटीवर टेकवला. कपाटाची कड लागली होती तिथं तळहाताएवढा डाग होता. मधे अजून जांभळा, कडेनं हिरवट, त्याच्या बाहेर पिवळा.

“हे,” ती म्हणाली. “हे जसं आहे तसं दिसलं पाहिजे. जास्त नाही, कमी नाही. ज्याच्यात दिसेल तो घेणार.”

चष्मेवाल्यानं उठून दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, बाहेरचा पांढरा उजेड गेला आणि वरचा पिवळा बल्ब तेवढा राहिला. मग त्यानं गुलाबी कॅमेरा घेतला आणि दंडाचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. डाग जवळजवळ गायब झाला होता. मावशीचा दंड तरण्या पोरीसारखा गुळगुळीत दिसत होता.

“बघितलंत?” तो हळूच म्हणाला. “बिनकामाचा.”

दुसऱ्याचा फ्लॅश बंदच होईना. लख्ख उजेड पडला आणि दंडावर नुसता पांढरा ठिपका आला. तिसऱ्यानं सगळंच पिवळं केलं. त्यात जांभळं कुठलं, हिरवं कुठलं, काही कळेना. चौथ्यात इतक्या जवळून सगळं पाण्यात बुडाल्यासारखं पुसट आलं. दर वेळी मावशी पडद्याकडे बघायची, मग दंडाकडे, आणि मान हलवायची. साडीच्या दुकानात काठाचा रंग जुळवावा तशी ती जुळवत होती.

शेवटी त्यानं खालच्या खणातून एक चंदेरी कॅमेरा काढला. कोपरे घासलेले, मागच्या काचेवर ओरखडे.

“हा मी पेटीत ठेवत नाही. दिसायला असा आहे, गिऱ्हाईक बिचकतं. भिंगाचं झाकण अडकतं, बोटानं ढकलायला लागतं. पण ह्याच्यावर हे फूल आहे ना, ते लावलं की जवळचं दिसतं. हा आवाज बंद केला. हा फ्लॅश बंद. आता श्वास धरा.”

पडद्यावर दंड आला. जांभळं, हिरवं, पिवळं. कातडीवरची बारीक लव, सालटं निघालेली रेघ आणि खाली कोपऱ्यात तारीख.

मावशी बराच वेळ बघत राहिली. “हाच.”

“किती आणलेत?”

तिनं रुमाल सोडून समोर ठेवला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “राहू द्या. तुम्ही असाच घेऊन जा.”

“नाही,” मावशी म्हणाली. “मी भीक मागायला आलेली नाही. दोष सांगा आणि त्याचे कमी करा.”

“बरं. झाकण अडकतं, त्याचे कमी. काचेवर ओरखडे, त्याचे कमी.”

“कोपरे घासलेत.”

“कोपऱ्यांचेही कमी,” चष्मेवाला म्हणाला. “आता खाली नाही येत हं. माझी बायको मला कॅमेऱ्याच्या जागी विकेल.”

मावशी हसली. कितीतरी दिवसांनी. त्यानं घड्याळात घालतात तसले दोन सेल घालून दिले, वर दोन जास्तीचे दिले आणि बटणं तिच्याकडून तीनदा दाबून घेतली. पिशवीत कांद्यांच्या खाली कॅमेरा ठेवताना तो म्हणाला, “सांभाळून, मावशी.”

*

घरात कॅमेरा कुठं ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. कपडे धुण्याच्या पावडरीचा मोठा डबा मोरीत फळीवर असे. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून तिनं तो पावडरीत पुरला. राजानं आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतलेला नव्हता.

सून आधी तयार होईना. “अहो आई, मला असं बघू नका,” म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मावशी तिच्या मागे उभी होती, हातात कॅमेरा. तिनं तो पिंपावर ठेवला आणि स्वतःचं पोलकं खांद्यावरून खाली ओढलं. तिथं एक जुना, पांढरा, चुरगळलेला डाग होता.

“ही तुझ्या सासऱ्यांची इस्त्री,” ती म्हणाली. “राजा तेव्हा पहिलीत होता. मी सांगितलं, माझ्याच हातून लागली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. तू जे सोसतेस ना पोरी, त्यातलं निम्मं माझ्या गप्प बसण्याचं आहे.”

सून वळली. पट्टी बांधलेल्या हातानं तिनं ओढणी बाजूला केली.

मग तसंच सुरू झालं. सकाळी राजाची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली की दोघी मोरीत जायच्या. फोटो हलू नये म्हणून मावशी कोपर पिंपावर टेकवायची. आधी चेहरा आणि जखम. मग नुसती जखम. केस उपटून टक्कल पडलेली जागा. मानेवर बोटांचे चार ठसे आणि पलीकडे अंगठ्याचा एक. दुधाची तपेली उतू गेली म्हणून गरम झाऱ्यानं उठवलेला मांडीवरचा फोड. एकदा ओठ इतका फाटला होता की सुनेला तोंड मिटता येईना, आणि मावशीला फुलाचं बटण सापडेना.

मारताना मधे पडायचं नाही असं वकीलबाईनं बजावलं होतं. “तुम्ही जखमी झालात तर पुढचं कोण करणार?” मावशीनं ते पाळायचा प्रयत्न केला. बाहेरच्या खोलीत आवाज सुरू झाले की ती मोरीच्या उंबऱ्यावर बसायची आणि पदराचा बोळा दातांत धरायची. पण दोनदा तिला राहवलं नाही. दोन्ही वेळा राजानं तिला दंड धरून मोरीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. तिच्यावर हात मात्र उगारला नाही. “तू आई आहेस म्हणून,” तो कडी लावताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी गुडघ्याला लावायचं तेल घेऊन आला. स्वतः खाली बसून त्यानं तिचे गुडघे चोळून दिले. मावशी त्याच्या डोक्याकडे बघत होती. केसांतला भोवरा अजून तसाच होता, लहानपणी न्हाऊ घालताना दिसायचा तसा. तिला वाटलं, आत्ता ह्याला सांगावं, राजा, मी हे असं करतेय, थांब बाबा. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यानं आत बघून सुनेला हाक मारली, आणि आत भांडं पडल्याचा आवाज आला. नुसत्या हाकेनं तिच्या हातातलं भांडं पडलं होतं. मावशीनं जीभ चावली.

दर मंगळवारी ती कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पोलक्यात घालायची, वकीलबाई ते संगणकात उतरवून घ्यायची आणि कोरं करून परत द्यायची. एके दिवशी वकीलबाई म्हणाली, “पुरे झालं आता. पुढच्या मंगळवारी सुनेला घेऊन या. ती घरी परत जाणार नाही अशी सोय करून ठेवते.”

त्या रात्री दोघींनी एका पिशवीत सुनेचे कपडे भरले आणि पिशवी मावशीच्या खाटेखाली सरकवली.

*

मंगळवारच्या आधीच राजाच्या शर्टावर रंग सांडला. गॅरेजच्या मालकाच्या घरी कसलातरी समारंभ होता, दुपारी लवकर सुटून तो कपडे बदलायला घरी आला होता, आणि नव्या शर्टावर गॅरेजमधून आणलेल्या डबीतला रंग उडाला. घरात दोघींपैकी कुणी नव्हतं, दोघी आपापल्या कामावर होत्या. त्यानं स्वतःच पावडरीचा डबा खाली घेतला.

मावशी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा दार उघडंच होतं. राजा खुर्चीत बसला होता, शर्टावर निळा डाग तसाच. हातात चंदेरी कॅमेरा. फरशीभर पांढरी पावडर पसरली होती.

“कधी येते ती?” त्यानं विचारलं.

“येईल. उशीर होतो तिला.” मावशीनं घड्याळाकडे पाहिलं. सुनेची बस अर्ध्या तासात वळणावर येणार होती.

“एका बोटानं शहाणपण आलं नाही तिला.” तो पडद्यावर बघत बोलत होता. ह्या आठवड्याचे फोटो त्यात होते. “मस्त काढलेत. रंगबिंग कसा झकास आलाय.”

“तिनं नाही काढले,” मावशी म्हणाली. “मी काढले.”

राजा हसला. “तू? तुला टीव्हीचा रिमोट कळत नाही.”

“मी घेतला कॅमेरा. मीच काढले. सगळे.”

“तिला वाचवायला खोटं बोलू नकोस, आई. खोटं बोललेलं मला आवडत नाही.”

मावशी पुढे झाली. त्याच्या हातातून तिनं कॅमेरा काढून घेतला, आणि त्यानं तो काढू दिला, कारण त्याला अजून गंमतच वाटत होती. तिनं बंद करून पुन्हा चालू केला. झाकण अडकलं ते नखानं ढकललं. मग खांदे आवळून, श्वास धरून तिनं तो राजाच्या चेहऱ्यावर रोखला आणि बटण दाबलं.

“असा काढते,” ती म्हणाली.

पडद्यावर राजा आला. हसू अर्धं उतरलेलं, डोळे मोठे झालेले. लहानपणी झोपेतून उठवल्यावर तो असाच बघायचा, आपण कुठं आहोत हे न कळल्यासारखा. मावशीनं तो फोटो क्षणभरच पाहिला.

पहिला फटका कानाखाली बसला. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मग त्या बाजूचं काही ऐकूच येईना. राजाचं तोंड हलत होतं, आवाज लांबून आल्यासारखा येत होता. “माझी आई! माझी आई असून!” त्यानं कॅमेरा फरशीवर आपटला, उचलून पुन्हा आपटला, आणि मग त्याच हातानं तिचा खांदा धरून तिला कपाटावर लोटलं. गळ्याजवळ काहीतरी खाडकन तुटलं. ती पावडरीत पडली. बूट बरगड्यांत बसला तेव्हा तिला एकच विचार सुचला. अजून थोडा वेळ. त्यानं मलाच मारत राहावं. बस येईपर्यंत आपण शुद्धीवर राहावं.

मग तिनं एक गोष्ट केली जी आयुष्यात कधी केली नव्हती. ती ओरडली. नवऱ्याच्या वेळी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिनं उशी दातांत धरली होती. आता तिनं तोंड उघडलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली, पुन्हा फोडली, श्वास घेऊन तिसऱ्यांदा फोडली.

शेजारचा बसड्रायव्हर बनियनवर धावत आला. त्याच्या मागून त्याचे दोन भाऊ. राजाला आवरायला तिघेही कमी पडत होते. राजा धडपडत होता, आणि मधेच त्याची नजर खाली पडलेल्या मावशीवर गेली. तो एकदम थांबला. “आई, तुला लागलं का?” त्यानं विचारलं. अगदी खऱ्या काळजीनं.

बसड्रायव्हरनं त्याच्या थोबाडीत मारली.

सून वळणावरच थांबली होती. किंकाळी तिनं ऐकली होती. बसड्रायव्हरची बायको तिच्याकडे धावत गेली आणि तिला तशीच आपल्या घरात घेऊन गेली.

*

दवाखान्यात तोच तरुण डॉक्टर होता. मावशीला स्ट्रेचरवर पाहून तो धावत आला. चादर तिनंच धुतलेली होती. इस्त्रीची रेघ अजून दिसत होती.

“मावशी! काय झालं? कसं झालं?”

मावशीनं तोंड उघडलं. “पाय घसर…”

शब्द सवयीनं आला होता. तिनं तो अर्ध्यावर धरला. डॉक्टर वाकून उभा होता, हातात पेन.

“मुलानं मारलं,” मावशी म्हणाली. “लिहा. माझ्या मुलानं मारलं. आणि माझ्या सुनेचं बोट दारात सापडलं नव्हतं. तेही त्यानंच मोडलंय. मी तेव्हा इथंच उभी होते, खोटं बोलले होते. ते पण लिहा.”

डॉक्टरानं लिहिलं. मावशीनं डोळे मिटले. तिला रडायला आलं नाही. फार दमल्यासारखं वाटलं.

कॅमेऱ्याचं काही उरलं नव्हतं. आतल्या कार्डाचेही दोन तुकडे झाले होते, त्यामुळे शेवटच्या आठवड्याचे फोटो गेले आणि राजाचा तो एक फोटोही गेला. पण आधीचे सगळे वकीलबाईकडे होते. ते पाहून ह्या वेळी चौकीवरच्या साहेबानं मिटवा म्हटलं नाही. त्यानं एकदोन पाहिले आणि बाकीचे पालथे ठेवले.

सून बहिणीच्या गावी गेली. जाताना मावशीच्या पलंगाशी बराच वेळ उभी राहिली.

“आई, तुम्ही पण चला.”

“मी आले तर मला बघून तुला तो आठवत राहील,” मावशी म्हणाली. “तू जा. पोचलीस की बहिणीच्या फोनवरून सांग.” मग तिनं सुनेचा उजवा हात धरला. बोट बरं झालं होतं, पण जरासं वाकडंच बसलं होतं. मावशीनं ते मुठीत धरून ठेवलं, बसची वेळ होईपर्यंत.

खांद्याचा पट्टा निघायच्या आधीच एका सकाळी ती तुरुंगाच्या दारात जाऊन उभी राहिली. आतल्या माणसांना कपडे द्यायच्या खिडकीशी रांग होती. बहुतेक बायकाच होत्या. तिचा नंबर आला तेव्हा तिनं एका हातानं पिशवी वर सरकवली. दोन सदरे, दोन पायजमे, टॉवेल, गॅरेजमध्ये घालायचा त्याचा स्वेटर.

शिपायानं कपडे उलटसुलट करून चाचपले, कॉलर दाबून पाहिली. “कुणाचे?”

तिनं नाव सांगितलं. राजाचं खरं नाव, कागदावरचं.

शिपायानं वर पाहिलं. तिचा पट्टा, कानामागचे टाके. “तुम्ही कोण त्याच्या?”

“आई.”

“मारलं कुणाला त्यानं? तुम्हालाच ना?”

“हो.”

शिपाई कपडे आत घेऊन गेला. मावशी बाजूच्या बाकावर बसून राहिली. मागच्या बायकांची पिशवीमागून पिशवी आत जात होती. खूप वेळानं शिपाई परत आला. त्याच्या हातात तिचीच पिशवी होती, कपडे कोंबून भरलेले.

“नको म्हणतो. म्हणाला, परत येऊ पण नको म्हणावं.”

मावशीनं पिशवी घेतली. “जेवतो का नीट?”

“जेवतो की.”

“बरं.”

तिनं सदरे, पायजमे, टॉवेल बाकावर काढले. चालत्या एका हातानं आणि हनुवटीच्या आधारानं एकेक घडी नीट घातली आणि पुन्हा पिशवीत रचली. स्वेटर तेवढा बाजूला काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

“एवढा राहू द्या,” ती शिपायाला म्हणाली. “मी आणला म्हणून सांगू नका.”

शिपायानं इकडंतिकडं पाहिलं आणि स्वेटर आत ओढून घेतला. मावशीनं पिशवी चांगल्या खांद्याला अडकवली आणि कामाची वेळ होत आली म्हणून बसच्या थांब्याकडे चालू लागली.